आपणच आपल्याला दिलेली सनद

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिच्या आईच्या खात्यातून ४,८०० रुपये गेले होते. वीजबिल थकलं आहे, आज रात्री वीज तोडणार, असा मेसेज आणि खाली लिंक. आई घरी शिवणकाम करते. मोबाईलमधलं फारसं कळत नाही म्हणून तिने तो लेकीच्या हातात दिला, कारण लेक शाळेत कॉम्प्युटर शिकते. लिंक उघडल्यावर लाल पान आलं. इंग्रजीत मोठा इशारा. मुलीने शांतपणे तपशिलाचं बटण शोधलं, त्याखालची बारीक अक्षरांतली पुढे जाण्याची ओळ शोधली आणि ती दाबली. मग कार्डाचा नंबर, मग ओटीपी.

मी रागावण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "सर, तुमीच तो बोले थे. वैसा पान आया तो डरने का नहीं, आगे जाने का दबाना."

बरोबर होतं. मीच सांगितलं होतं.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या मुलांच्या घरात दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी. व्याकरण ती पाठ करतात, पण 'ळ' आणि 'ण' तोंडात बसत नाहीत. बाळ म्हणजे बाल होतं, आणि पाणी तर जन्मभर पानीच राहतं. हे पुस्तकातून सुधारत नाही, स्वतःचा आवाज ऐकून सुधारतं. इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी एक साधं वेबपान करून दिलं. पडद्यावर उतारा दिसतो, मुलाने माईक सुरू करून तो वाचायचा आणि लगेच स्वतःचा आवाज ऐकायचा. संगणक कक्षात नऊ यंत्रं आहेत. त्यातलं एक सर्व्हर केलं, बाकीची आठ त्याला जोडली. इंटरनेट नको होतं. एक तर ते अर्धा वेळ नसतंच, आणि दुसरं म्हणजे मुलांचे आवाज शाळेबाहेर जाऊ नयेत असं मला वाटत होतं. ते आजही वाटतं.

सर्व्हरच्या यंत्रावर सगळं झकास चाललं. बाकी आठांवर माईक उघडेचना. दोन दिवस वायरी तपासल्या, माईक अदलाबदल करून पाहिले. मग कळलं की दोष माईकचा नव्हता. पान ज्या यंत्रावर आहे त्याच यंत्रावर उघडलं तर ब्राउझर त्याला घरचं समजतो. तेच पान दुसऱ्या यंत्रावरून उघडलं की ते परकं, आणि परक्या पानाला सुरक्षित जोडणीशिवाय माईक द्यायचा नाही. क्रोमने हा नियम २०१५च्या अखेरीस लावला. नियम चांगलाच आहे. वायफायच्या वाटेत बसलेल्या कोणीही तुमचा माईक उघडावा असं कोणाला वाटेल?

सुरक्षित जोडणीला सर्टिफिकेट लागतं. ते मोफत देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५पासून सर्वांसाठी खुली आहे, पण ती नाव तपासल्याशिवाय देत नाही, आणि आमच्या सर्व्हरला नावच नव्हतं. १९२.१६८ने सुरू होणारा घरगुती पत्ता. हा पत्ता देशातल्या लाखो घरांत आणि दुकानांत एकाच वेळी वापरला जातो. तो तुमचाच, असं बाहेरच्या कोणी कशाच्या जोरावर लिहून द्यावं? तेव्हा माजी विद्यार्थ्याने फोनवरून सांगितलं, "सर, आपणच सही करू." ओपनएसएसएल नावाच्या प्रोग्रामला एक लांबलचक आज्ञा दिली. दोन फायली तयार झाल्या, एक सर्टिफिकेट आणि एक खाजगी किल्ली. सर्व्हरला दोन्ही दाखवल्या. दहा मिनिटांचं काम.

माईक उघडण्याआधी आठही यंत्रांवर इशारा आला. तुमची जोडणी खाजगी नाही, कोणीतरी माहिती चोरत असेल. मी वर्गाला सांगितलं, हे पान आपल्याच सर्व्हरचं आहे, घाबरू नका, 'ॲडव्हान्स्ड' दाबा, मग खालची ओळ दाबा. पुढच्या तासाला पुन्हा तेच. साठ मुलांनी पाच महिने आठवड्याला एकदा हे केलं. बीएडच्या मानसशास्त्राच्या पेपरात थॉर्नडाइकचे नियम आम्ही घोकले होते: सरावाचा नियम आणि परिणामाचा नियम. कृती वारंवार झाली आणि तिच्यामागून आनंद मिळाला, तर ती पक्की होते. इथे दोन्ही होतं. इशारा ओलांडला की बक्षीस म्हणून स्वतःचा आवाज ऐकायला मिळत होता. मराठी उच्चार शिकवायला गेलो आणि इशारा ओलांडायची कला त्याहून पक्की शिकवून बसलो.

खरं तर त्या मुलीने घरी पाहिलेलं पान वेगळं होतं. सर्टिफिकेटचा इशारा पांढऱ्या पानावर येतो. ते लाल पान फसव्या म्हणून आधीच ओळखल्या गेलेल्या साइटचं होतं. पण हा फरक तिला कळावा कसा? मी शिकवलाच नव्हता. मला तरी तेव्हा कुठे माहीत होता!

त्यानंतर मी हा विषय बसून समजून घेतला. त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडतो, कारण शाळांच्या, छोट्या दवाखान्यांच्या आणि दुकानांच्या अशा घरगुती सर्व्हरवर हाच प्रकार सर्रास चालतो.

पहिली गोष्ट. स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट खोटं नसतं. त्यातही मजकूर तितकाच कुलूपबंद होऊन जातो. लखोटा पक्का बंद असतो. कमी असते ती एकच गोष्ट: लखोटा ज्याच्या हातात देतो आहोत तो तोच आहे का, हे सांगणारा तिसरा माणूस. उर्दूत सर्टिफिकेटला 'सनद' म्हणतात. मराठीत तोच शब्द जमिनीच्या आणि वतनाच्या कागदाला आला आणि वकिलीच्या परवान्याला आजही चिकटून आहे. दोन्ही भाषांत अर्थ एकच, कोणीतरी वरच्याने लिहून दिलेलं. जुन्या पद्धतीच्या सनदेत शिकवणाऱ्या उस्तादांचं नाव असे, त्यांच्या उस्तादांचंही. नावांची साखळी म्हणजेच सनदेचं वजन. ब्राउझरही हेच करतो. साइटच्या सर्टिफिकेटवर कोणाची सही आहे ते पाहतो, त्या सही करणाऱ्यावर कोणाची, असं वर वर चढत जातो.

आणि सगळ्यात वर काय सापडतं? स्वतःच स्वतःवर सही केलेलं सर्टिफिकेट! जगातल्या मोठमोठ्या प्रमाणपत्र संस्थांचं मूळ सर्टिफिकेट असंच असतं. वर कोणी उरलेलंच नसतं, तर सही कोण करणार? त्यांच्यात आणि माझ्या दहा मिनिटांच्या फायलीत फरक एवढाच की त्यांची मुळं ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी तपासून आधीच यंत्राच्या कपाटात ठेवलेली असतात. माझी फाइल कपाटाबाहेर उभी असते. सही कोणाची, यापेक्षा कपाटात कोणी आणि काय पाहून ठेवलं, हा प्रश्न मोठा.

मोठ्या सहीबद्दल आपल्याला उगाच जास्त आदर असतो. मी बीएडच्या प्रवेशाला निघालो तेव्हा गुणपत्रिकांच्या प्रती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आणाव्या लागत. एका कार्यालयाबाहेर दोन तास उभा राहिलो. साहेबांनी सात प्रतींवर शिक्का मारला आणि मूळ प्रत मागितलीसुद्धा नाही. मी कॉलेजात नापास झालो असतो तरी त्या दिवशी पास झालो असतो. पुढे २०१४च्या सुमारास सरकारनेच स्वसाक्षांकन आणलं: आपल्या प्रतीवर आपणच सही करा, मूळ प्रत वेळ येईल तेव्हा दाखवा. कोणाचं काही अडलं नाही, कारण खरी तपासणी त्या शिक्क्यात कधी नव्हतीच. ती मूळ प्रत समोर ठेवण्यात होती.

संगणकाच्या जगातही शिक्के फसले आहेत. २०११ साली डिजिनोटार या डच प्रमाणपत्र संस्थेत कोणीतरी घुसलं आणि गूगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट काढलं. ते इराणमधल्या लोकांची ईमेल वाचण्यासाठी वापरलं गेलं. संस्था त्याच वर्षी दिवाळखोर झाली. आपल्याकडचं उदाहरण २०१४चं. नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र विभागाकडून गूगलच्या काही नावांची अनधिकृत सर्टिफिकेट निघाल्याचं गूगलला जुलैमध्ये आढळलं. भारतातल्या या साखळीचं मूळ मायक्रोसॉफ्टच्या कपाटात होतं, म्हणजे विंडोजवरचे बहुतेक ब्राउझर ती सर्टिफिकेट मानणार होते. भारताच्या नियंत्रकांनी त्या विभागाची सर्टिफिकेट रद्द केली, आणि क्रोमने त्या मुळावरचा विश्वास भारतातल्या मोजक्या नावांपुरता आखडून घेतला. तेव्हा आपणच सही केली म्हणून ओशाळून जायचं कारण नाही. पण ती सही तपासायची सोय न करता समोरच्याला "पुढे जा" म्हणणं, तिथे चूक आहे. ती मी केली होती.

आता उपाय. माझ्या माजी विद्यार्थ्याने तीन सुचवले. एक, ब्राउझरच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन आमच्या पत्त्याला सुरक्षित मानायला लावायचं. हे म्हणजे ताप उतरला असं थर्मामीटरलाच सांगून टाकायचं. नको. दोन, स्वतःचं डोमेन विकत घ्यायचं, त्याच्या डीएनएस नोंदीतून ते आपलं असल्याचं सिद्ध करायचं आणि त्या नावाने खरं सर्टिफिकेट मिळवून घरगुती सर्व्हरवर वापरायचं. हा मार्ग उत्तम आहे आणि ज्या संस्थेत कायमचा जाणकार माणूस आहे तिने हाच धरावा. पण लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. बाजारात विकत मिळणाऱ्यांची मुदतही टप्प्याटप्प्याने कमी होत २०२९मध्ये ४७ दिवसांवर येणार, असं ठरलं आहे. आमच्याकडे इंटरनेटचा हा हाल, त्यात डोमेनचं वार्षिक बिल कोणत्या खर्चात घालायचं हा वेगळा प्रश्न. मुख्याध्यापकांना मी तो अजून विचारलेला नाही.

तिसरा आम्ही धरला. शाळेचं स्वतःचं एक मूळ सर्टिफिकेट बनवायचं, त्याच्या सहीने सर्व्हरचं सर्टिफिकेट काढायचं आणि ते मूळ आठही यंत्रांच्या कपाटात आपण जाऊन ठेवायचं. एमकेसर्ट नावाचं मोफत साधन हे बरंच सोपं करतं. दोन यंत्रांवर फायरफॉक्स आहे, तो आपलं कपाट वेगळं ठेवतो, तिथे पुन्हा मेहनत. ओपनएसएसएलची जुनी शिकवणी वाचून मी आधी एक सर्टिफिकेट स्वतः काढलं होतं, ते क्रोमने फेटाळलं. त्यात पत्ता जुन्या रकान्यात लिहिलेला होता, आणि तो रकाना क्रोम २०१७पासून वाचतच नाही. पर्यायी नावांच्या रकान्यात लिहावा लागतो. एकदा हे जमलं आणि इशारा आठही यंत्रांवरून गेला. दाबायचं काही उरलंच नाही.

काही सहकाऱ्यांना हा सगळा खटाटोप वाटतो. "सर, मुलांचा 'ळ' चोरायला कोण येणार आहे?" असं एका मॅडमनी विचारलं. कोणी येणार नाही, मान्य. पण मला काळजी सर्व्हरची नव्हती, बोटांची होती. ज्या बोटाला शाळेत इशारा ओलांडायची सवय लागते, तेच बोट संध्याकाळी आईच्या मोबाईलवर असतं.

यात एक धोका मात्र आहे आणि तो मी मोठ्याने सांगतो. मूळ सर्टिफिकेट कपाटात ठेवणं ही क्षुल्लक परवानगी नाही. त्या मुळाची खाजगी किल्ली ज्याच्या हाती, तो त्या यंत्रावर बँकेच्या किंवा ईमेलच्या नावाचंही सर्टिफिकेट बनवू शकतो आणि ब्राउझर हूं की चूं करणार नाही. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच घातलेलं होतं. त्याने असंच एक मूळ ठेवलं होतं, आणि सगळ्या लॅपटॉपवर किल्ली एकच. २०१५मध्ये हे उघड झालं तेव्हा ती किल्ली कोणालाही काढता येत होती. कझाकस्तानात २०१९ साली नागरिकांना सरकारचं मूळ आपापल्या यंत्रांत बसवायला सांगितलं गेलं. गूगल, मोझिला आणि ॲपलने ते आपल्या ब्राउझरांत अडवलं.

म्हणून आमच्या मुळाची किल्ली सर्व्हरवर नाही. ती एका पेनड्राइव्हवर आहे, आणि तो पेनड्राइव्ह प्रश्नपत्रिकांच्या कपाटात. मुलांच्या किंवा पालकांच्या मोबाईलमध्ये आमचं मूळ घालायला मी साफ नकार दिला आहे. घरी सराव करायचा तर उतारा वहीत लिहून न्यावा आणि आजीला वाचून दाखवावा. आजीचा 'ळ' तरी कुठे धड आहे, असं एक मुलगा म्हणाला. त्याचं तो आणि आजी बघून घेतील.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मी एक मास्तर, चुकलो, सुधारलो. पण गेल्या काही वर्षांत मी शिष्यवृत्तीचे, प्रशिक्षणाचे, हजेरीचे किती फॉर्म भरले असतील, आणि त्यांतल्या काही पानांवर सर्टिफिकेटची मुदत संपलेली असे. मदतीच्या नंबरावर फोन केला की उत्तर ठरलेलं, "सर, ॲडव्हान्स्डवर जाऊन प्रोसीड करा." एका प्रशिक्षणात तर ही सूचना छापील कागदावर होती, पायरी क्रमांक तीन. दोनशे शिक्षक एका सभागृहात बसून इशारा ओलांडायला शिकत होते, चहा-बिस्किटासह. मीही त्यातच होतो आणि तिथूनच वर्गात आणलं. एका सर्टिफिकेटचं नूतनीकरण विसरणं ही माणसाची चूक आहे, ती समजू शकतो. तिच्यावरचा उपाय म्हणून लोकांना डोळे मिटायला शिकवणं समजू शकत नाही. दुरुस्त होईपर्यंत पान बंद ठेवा, मुदत चार दिवस वाढवा. आमचं काही बिघडत नाही.

उलट बाजूही मुलांना सांगावी लागते. इशारा आला नाही म्हणजे समोरचा प्रामाणिक, असं मुळीच नाही. भामट्यालाही आपल्या डोमेनचं सर्टिफिकेट पाच मिनिटांत मोफत मिळतं. ते एवढंच सांगतं की तुम्ही याच नावाशी बोलत आहात. नाव भामट्याचं असेल तर तुम्ही अगदी सुरक्षितपणे भामट्याशी बोलत आहात. लोक कुलूप पाहून भुलतात म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते चिन्हच पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकलं. मी वर्गात आता आधी नाव वाचायला लावतो, मोठ्याने, अक्षर न अक्षर. भाषेच्या मास्तरला हे बरं जमतं.

आमच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत वर्षाची ठेवली आहे. जूनमध्ये नव्या हजेरीपटाबरोबर तेही नवं होतं. या जूनमध्ये एका यंत्रावर तरीही इशारा आला आणि मुलांनी हात वर केले, कोणी काही दाबलं नाही. पाहिलं तर उन्हाळाभर बंद राहून यंत्राच्या आतला छोटा सेल संपला होता, तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती आणि आमचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून जन्मलंच नव्हतं. बाजारातून सेल आणून घातला, तारीख लावली, झालं.

त्याच आठवड्यात एक जुनं यंत्र बदलून आलं. नव्यावर आमचं मूळ मुलांसमोर बसवायचं ठरवलं. प्रत्येक सर्टिफिकेटला एक ठसा असतो, आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं मिळून चौसष्ट खुणा. एक खूण जरी वेगळी निघाली तर सर्टिफिकेट वेगळं. मी तो पेनड्राइव्हवरून पाहून फळ्यावर लिहिला. एकाने पडद्यावरचा वाचायचा आणि दुसऱ्याने फळ्यावरच्यावर बोट ठेवायचं, असं ठरलं. पडद्यासमोर बसली ती तीच मुलगी, आता नववीत आहे. एकोणतिसाव्या जोडीवर ती थांबली. पडद्यावर बी आहे सर, फळ्यावर आठ.

मी म्हटलं, इंग्रजी आठ आणि बी माझ्या अक्षरात सारखेच दिसतात, तो बीच आहे. तिने मान हलवली. तुम्ही म्हणता म्हणून नाही, पेनड्राइव्ह पुन्हा लावून दाखवा. मी कपाटाची किल्ली आणायला ऑफिसात गेलो.